डीलरकडून घेतलेली जुनी गाडी खराब निघाली: पैसे परत मिळवण्याच्या वाटांचं परीक्षण

शनिवारी डिलिव्हरी, हार, पेढे. मंगळवारी घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर. डीलरला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: "आणून सोडा, बघून घेऊ." गाडी त्याच्या मेकॅनिककडे जाते, आठ दिवस पडून राहते, परत येते आणि पुन्हा तापते. मग पुन्हा फोन, पुन्हा "बघून घेऊ". दोन महिने असे गेले की डीलरचा सूर बदलतो. "चार हजार किलोमीटर चालवलीत, काम तुमच्या हातून निघालंय, आता पैसे कसले मागता?"

बहुतेकांचे पैसे या "बघून घेऊ"मध्येच बुडतात. कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे आणि ग्राहक आयोगाची फीही नगण्य आहे. पण गाडी नाकारायची असेल तर ती लगेच, लेखी आणि न वापरता नाकारावी लागते. पुढे डीलरची स्वतःची परतीची हमी, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, जिल्हा ग्राहक आयोग आणि पोलीस या चारही वाटा तपासल्या आहेत. त्यातली कुठलीही धरली तरी पहिल्या आठवड्यात काय केलं होतं, हा प्रश्न पहिला येतो.

आधी एक गोष्ट मनाशी स्पष्ट करून घ्यावी. सत्तर हजार चाललेल्या गाडीची क्लच प्लेट गेली, बॅटरी बसली, ब्रेक पॅड संपले किंवा सस्पेन्शनचे बुश वाजू लागले, तर ती झीज आहे. तिच्यासाठी पैसे परत मागितले तर कुठेही हसं होईल आणि खऱ्या तक्रारीचं वजनही जाईल. परतावा मागावा तो तीन प्रकारांत. पहिला, विक्रीच्या दिवशीच असलेला मोठा बिघाड: फुटलेलं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील), धूर मारणारं इंजिन, झटके देणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसरा, खोटी माहिती: मागे फिरवलेला मीटर, 'नॉन-ॲक्सिडेंटल' म्हणून विकलेली ठोकलेली गाडी, पुरातली गाडी. तिसरा, कागदांचा घोळ: न उतरवलेला कर्जाचा बोजा, न जुळणारा चेसिस नंबर, ट्रान्सफर होऊ न शकणारी आरसी. तिसऱ्या प्रकारात दाद सगळ्यात सोपी असते, कारण पुरावा सरकारी नोंदीतच असतो. पहिल्या प्रकारात 'हे विक्रीच्या आधीपासून होतं' हे सिद्ध करावं लागतं, आणि सगळी लढाई तिथेच होते.

बिघाड दिसला त्या दिवशी गाडी थांबवा. तापलेलं इंजिन 'घरापर्यंत तरी नेऊ' म्हणून रेटलं तर गॅस्केटचं काम हेडपर्यंत जातं, आणि नुकसान तुम्हीच वाढवलंत असं म्हणायला डीलर मोकळा होतो. टोइंगची पावती ठेवा. मीटरचा फोटो घ्या, तारीख दिसेल असा. बॅटरीचं टर्मिनल काढू नका. ते काढलं तर कॉम्प्युटरमधल्या काही नोंदी पुसल्या जाऊ शकतात, आणि या नोंदी सोन्याच्या मोलाच्या असतात.

आता मेकॅनिककडून गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून घ्या. फॉल्ट कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड, सगळेच बघतात, पण खरी माहिती त्याच्या शेजारच्या पानावर असते. 'कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर' असा एक आकडा बहुतेक गाड्यांचा इंजिन कॉम्प्युटर ठेवतो. डिलिव्हरीला मीटर ६२,४१० होता, आज ६२,५९० आहे आणि हा आकडा १९५ दाखवतोय, तर कोड डिलिव्हरीच्या पंधरा किलोमीटर आधी, म्हणजे डीलरच्या यार्डातच पुसलेला आहे. त्याच स्कॅनवर 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या, अपूर्ण दिसल्या तर कोड अलीकडेच पुसले असण्याची शक्यता असते. त्या पानांचे फोटो आणि प्रिंट घ्या, आणि प्रिंटवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, किलोमीटर आणि तारीख लिहून सही-शिक्का घ्या. डीलरला बिघाड माहीत होता हे दाखवणारा याहून स्वस्त पुरावा नाही.

इंजिन तापण्याच्या तक्रारीत आणखी दोन गोष्टी बघायला सांगा. तापणारी गाडी विकायची असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह अडवणारी-सोडणारी झडप) काढून टाकतात आणि रेडिएटरचा फॅन 'डायरेक्ट' करतात, म्हणजे इंजिन सुरू झालं की फॅन कायम फिरत राहतो. ट्रायलच्या दहा मिनिटांत गाडी अगदी थंड वाटते. अशी गाडी हायवेवर सलग चालवताना स्कॅनरवर कूलंटचं तापमान साठ-सत्तरच्या आसपास रेंगाळताना दिसतं. थर्मोस्टॅट धड असता तर ते पंचाऐंशीच्या पुढे स्थिर राहिलं असतं. कूलंटच्या बाटलीत तपकिरी कण तरंगत असतील तर लीक बंद करणारं औषध ओतलेलं असण्याची शक्यता मोठी. हेड गॅस्केटची खात्री रासायनिक चाचणीने होते: रेडिएटरच्या तोंडावर नळी धरतात, त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं तर जळालेला वायू कूलंटमध्ये येतोय. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजताना, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सिलिंडरच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तोही अहवालात लिहून घ्या. नुसतं 'इंजिन काम करावं लागेल' असं एस्टिमेट आणलं तर आयोगात त्याचा फारसा उपयोग होत नाही. 'थर्मोस्टॅट मुद्दाम काढलेला आढळला, फॅनची वायर थेट जोडलेली आढळली' हे एक वाक्य मात्र तक्रारीचा कणा होतं. डीलरने काढलेला थर्मोस्टॅट तुम्ही तीन दिवसांत काढलात, असं कोणी पटवून देऊ शकत नाही.

मीटर मागे फिरवल्याचा संशय असेल तर आधी त्या ब्रँडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर सर्व्हिस हिस्ट्री काढा. २०२१ मध्ये ८८,००० ची नोंद आणि आज मीटरवर ५४,०००, इतकं निघालं की वाद संपला. हिस्ट्री मधेच तुटली असेल तर स्कॅनरने इंजिनाबाहेरचे कॉम्प्युटर वाचायला सांगा. मीटर बदलणारे बऱ्याचदा डॅशबोर्डचाच आकडा बदलतात, आणि काही गाड्यांत गिअरबॉक्स किंवा ब्रेकच्या (एबीएस) कॉम्प्युटरमध्ये जुना आकडा राहून जातो. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ०८२३ म्हणजे २०२३ चा आठवा आठवडा. २०१९ च्या, 'तीस हजार चाललेल्या' गाडीला २०२३ चे चारही टायर का, हा प्रश्न नोटिशीत घालण्याजोगा आहे. एकटा तो पुरावा होत नाही, पण बाकीच्यांना जोर देतो.

पुरातल्या गाड्यांबद्दल महाराष्ट्रात विशेष सावध राहायला हवं. २००५ ची मुंबई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण: प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या भंगारात, लिलावात आणि तिथून धुऊनपुसून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. रोज न ओढल्या जाणाऱ्या त्या आतल्या हातभर पट्टीवर वाळलेल्या गाळाची आडवी रेघ राहते, आणि ती धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, कार्पेटखालचा फेल्ट कडक झालेला, फ्यूज बॉक्समधल्या पिना हिरव्या पडलेल्या, स्टेपनीच्या खळग्यात बारीक रेती. या सगळ्याचे फोटो एकाच बैठकीत, शक्य तर सर्व्हिस सेंटरच्या माणसासमोर काढा.

ठोकलेली गाडी पेंट थिकनेस मीटरने पकडता येते. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो, दुसऱ्यांदा मारलेला त्याच्या दुप्पट, आणि खाली पुट्टी असेल तर आकडा पाचशे-हजारावर जातो. एक दरवाजा रंगवलेला असणं हा गुन्हा नाही, शहरात गाडी घासतेच. ॲप्रन, पिलर किंवा चेसिसच्या लेगवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, वेल्डिंग सापडलं तर ती वेगळी गोष्ट आहे. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर बॅग एकदा फुटली असावी आणि दिवा काढून टाकला असावा, असं धरूनच तपास करा.

पुरावा हाती आला की त्याच आठवड्यात डीलरला पत्र, म्हणजेच नोटीस. इथे सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९३० ची दोन कलमं कामाला येतात. कलम ४२ सांगतं की माल नाकारल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. कलम ४३ नुसार नाकारलेला माल विक्रेत्याच्या दारात नेऊन टाकायची जबाबदारी, वेगळं ठरलं नसेल तर, खरेदीदारावर नाही. नाकारतोय एवढं कळवलं की पुरे. 'आधी गाडी यार्डात आणून लावा, मग पैशाचं बोलू' हे डीलरचं म्हणणं म्हणूनच मानू नये. गाडी आणि पैसे दोन्ही त्याच्याकडे गेले की तुमच्या हातात फक्त फोन उरतो.

पत्र असं असावं:

"दि. … रोजी आपल्याकडून … क्रमांकाची गाडी रु. … ला घेतली. डिलिव्हरीच्या वेळी मीटर … किमी होता. आपल्या जाहिरातीत 'नॉन-ॲक्सिडेंटल, सीलपॅक इंजिन' असं लिहिलं होतं. दि. … रोजी … किमीवर इंजिन तापून गाडी बंद पडली. सोबतच्या अहवालानुसार हेड गॅस्केट फुटलेलं असून थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे. हा दोष विक्रीच्या वेळीच होता व तो लपवण्यात आला. मी ही गाडी नाकारत आहे. गाडी … येथे उभी आहे. आपण ती स्वखर्चाने ताब्यात घ्यावी आणि रु. … १५ दिवसांत परत करावेत."

'मी ही गाडी नाकारत आहे' हे वाक्य गाळू नका. 'काहीतरी तोडगा काढावा' असं लिहिलंत तर तोडगा म्हणून दुरुस्ती मिळेल. पत्र स्पीड पोस्टाने पोहोच-पावतीसह पाठवा, तेच ईमेलने आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यानंतर गाडी चालवू नका आणि दर पंधरवड्याला मीटरचा फोटो काढा. डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यायची असेल तर द्या, पण लेखी, मुदत घालून, आणि 'यामुळे परताव्याचा हक्क सोडलेला नाही' असं नमूद करून.

आता वाटांकडे. सगळ्यात चांगली वाट म्हणजे संघटित कंपन्यांची आणि अधिकृत शोरूमच्या जुन्या गाड्यांच्या विभागांची परतीची हमी. सहसा ५ ते ७ दिवस आणि काहीशे किलोमीटरची मर्यादा असते. ती पाळली तर महाराष्ट्रात जुन्या गाडीचे पैसे परत मिळण्याचा याहून जलद मार्ग नाही. त्रुटी मुदतीतच आहे: घड्याळ डिलिव्हरीपासून सुरू होतं, नावावर झाल्यापासून नाही, आणि विनंती कस्टमर केअरला नुसता फोन करून सोडू नका, ॲपवर किंवा ईमेलवर नोंदवा. विनंतीचा क्रमांक घ्या. म्हणून पहिले पाच दिवस गाडी मुद्दाम राबवा: एक घाट, एक तासभर हायवे, एक बंपर-टू-बंपर ट्रॅफिक, एक पहाटेचा थंड स्टार्ट. हार घालून पार्किंगमध्ये ठेवलेली गाडी आठव्या दिवशी बिघडली तर ही वाट बंद असते. त्यानंतर जी 'वॉरंटी' उरते ती बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागांपुरती असते. क्लच, सस्पेन्शन, इलेक्ट्रिकल आणि कित्येकदा टर्बोही बाहेर. वॉरंटी म्हणजे दुरुस्तीचं वचन आहे, परताव्याचं नाही, ही गफलत फार जण करतात.

रस्त्याकडेच्या यार्डवाल्यांची गोष्ट निराळी. बरेच जण धंदा नीट करतात. पण तक्रार आली की काहींचं पहिलं वाक्य असतं: "गाडी माझी नव्हतीच, मी फक्त मध्यस्थ. मूळ मालकाला विचारा." हा बचाव विसार देतानाच मोडून काढायचा असतो. पैसे डीलरच्या फर्मच्या खात्यात द्या, मूळ मालकाच्या किंवा 'भावाच्या' खात्यात नाही. जीएसटीचं पक्कं बिल मागा. नोंदणीकृत डीलर जुन्या गाडीवर खरेदी-विक्रीतल्या फरकाच्या रकमेवर कर भरतो, तेव्हा बिल देणं त्याला अशक्य नाही. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख त्याने घेणंच बेकायदा आहे, त्यामुळे 'एवढे कॅश द्या, एवढे चेकने' याला सरळ नकार द्या. बिलावर कमी दाखवलेली रक्कम परताव्यातही कमीच दिसते.

मध्यस्थाच्या बचावाला आता कायद्यानेही चाप बसला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षांसाठी असतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची ऑनलाइन सूचना फॉर्म २९-सी मधून जाते, आणि तिथून डीलर हाच त्या गाडीचा मानीव मालक (कायद्याने मालक मानला जाणारा) ठरतो. नियम उत्तम आहे. व्यवहाराआधी 'तुमचं अधिकारपत्र दाखवा' एवढं विचारा. दाखवता आलं नाही तर तो नकारही नंतर तक्रारीत लिहिता येतो.

डीलर परतावा का टाळतो, हे समजलं तर बोलणी नीट होतात. गाडी एकदा तुमच्या नावावर झाली की परत घेताना तिच्या आरसीवर मालकाचा क्रमांक एकाने वाढतो. 'फर्स्ट ओनर' म्हणून घेतलेली गाडी त्याला 'सेकंड ओनर' म्हणून विकावी लागते. त्याचं खरं नुकसान तिथे आहे. आरसी नावावर होण्याआधी गाडी नाकारली तर तो दहापट लवकर तयार होतो. अर्थात ट्रान्सफर मुद्दाम लांबवू नका. कायद्याने मुदती आहेत, आणि अपघात झाला तर नोंदीतल्या मालकावर बालंट येतं. पण पहिल्या आठवड्यातच गाडी तपासून निर्णय घेण्याचं हे आणखी एक कारण.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, व्हॉट्सॲपवरून आणि पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. ती कोर्ट नाही, आदेश देत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. तिच्याशी जोडलेल्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत परिणाम बरा दिसतो, कारण तिथे तक्रारी हाताळणारा वेगळा माणूस असतो. गल्लीतल्या यार्डवाल्यावर तिचा धाक जवळपास शून्य. तरी तक्रार नोंदवाच: तारीखवार डॉकेट क्रमांक मिळतो आणि तुम्ही गप्प बसला नव्हता हे कागदावर येतं. मात्र तिच्या उत्तराची वाट पाहत महिने घालवू नका.

जिल्हा ग्राहक आयोग हीच खरी वाट. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूची व्याख्या नवी-जुनी असा भेद करत नाही. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे आणि त्यातली एक थेट आपल्या कामाची: सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं, पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत. बिलाच्या तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं असलं तरी दोष लपवून केलेल्या विक्रीला ते कवच होत नाही. 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' या ओळीचंही तेच. तुम्ही गाडीची अवस्था मान्य केलीत, खोटं बोलणं मान्य केलेलं नाही. करारात वाद खासगी लवादाकडेच न्यायचं कलम असेल तरी ग्राहक तक्रार अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आणि कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते.

दोन मर्यादा आहेत. धंद्यासाठी घेतलेली गाडी यात बसत नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्याला सूट आहे, दहा गाड्या भाड्याने देणाऱ्याला नाही. आणि खासगी मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीसाठी हा मार्ग चालत नाही, तिथे दिवाणी न्यायालयच.

दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि त्यापुढे १,०००. मुदत दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. जोडायचे कागद: तारीखवार घटनाक्रम, तक्रार, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, बिल, बँक स्टेटमेंट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, नोटीस आणि पोहोच, तांत्रिक अहवाल. व्हॉट्सॲप चॅट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लावा. डीलरचं फर्मचं नाव आणि मालकाचं नाव वेगळं असतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव दिसतं, आणि तेच विरुद्ध पक्ष म्हणून लिहा. इथे चूक झाली तर जिंकलेला आदेशही बजावता येत नाही.

रक्कम नीट मांडा. समजा किंमत ४,७५,०००. तिच्यात ट्रान्सफरचा खर्च, विम्याचा नावबदल आणि भरलेला 'नो क्लेम बोनस'चा फरक, टोइंग, तपासणीची फी, आणि भरल्या तारखेपासून व्याज. आदेशांत व्याज बहुधा ६ ते ९ टक्के असतं, २४ मागून काही साधत नाही. मानसिक त्रासाचे पंचवीस-पन्नास हजार मागा, पाच लाख नको. पर्यायी मागणीही लिहा: परतावा शक्य नसेल तर दुरुस्तीचा पूर्ण खर्च आणि घटलेली किंमत. कर्ज काढलं असेल तर हप्ते थांबवू नका. वित्तसंस्थेचा डीलरच्या लबाडीशी संबंध नसेल तर हप्ता चुकल्याचा डाग तुमच्याच नावावर बसेल.

आयोगाचं कौतुक करताना त्याची उणीव लपवू नये: वेळ. कायद्यात तीन महिने, आणि चाचणी लागली तर पाच महिने लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तेवढा काळ गाडी उभी ठेवायची, विमा चालू ठेवायचा आणि प्रवासाची दुसरी सोय करायची, हे मध्यमवर्गीय घराला जड आहे. एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. डीलरला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५, असे ४५ दिवसच मिळतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ही मुदत बंधनकारक ठरवली. ती उलटली की त्याच दिवशी 'लेखी उत्तराविना पुढे जावं' असा अर्ज द्या. गाडीची चाचणी हवी असेल तर तीही पहिल्याच तारखेला मागा. दीड वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या इंजिनातून फारसं काही सिद्ध होत नाही. वकील सक्तीचा नाही. मसुदा तपासून घ्यायला मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शन मिळतं.

इंग्लंडमध्ये स्थायिक मराठी मंडळींना ही यातायात बरीच कमी आहे. तिथल्या कन्झ्युमर राइट्स ॲक्ट, २०१५ प्रमाणे सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत पूर्ण पैशांसाठी नाकारता येते. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष आधीपासूनचा होता असं गृहीत धरतात, नव्हता हे डीलरने दाखवायचं. एक दुरुस्ती फसली की गाडी परत करता येते, वापराची कपात होऊन. सिद्ध करण्याचा भार असा उलटा टाकणारी तरतूद आपल्याकडे हवी, असं माझं ठाम मत आहे.

पोलिसांकडे जाणं मीटर फिरवणं, चेसिस नंबर बदलणं, बोजा लपवणं अशा प्रकरणांपुरतं ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. साध्या इंजिनबिघाडाला ठाण्यात 'हे दिवाणी आहे' हेच उत्तर मिळेल आणि ते चूकही नाही. चेसिस नंबरचा संशय असेल तर गाडीवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेली प्रिंट आणि वाहन पोर्टलवरचा नंबर शेजारी शेजारी ठेवून अर्ज द्या.

आदेश झाला आणि डीलरने पैसे दिले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करता येतो. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. अटक वॉरंटचं नाव निघालं की बरेच जण तडजोडीला येतात, आणि त्या दिवशी घाई करू नये. पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका. आरटीजीएसने रक्कम खात्यात दिसली की मगच चावी द्या. आरसी तुमच्या नावावर असेल तर ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देऊ नका, घेणारा म्हणून डीलरचंच नाव भरा. अधिकारपत्र असलेला डीलर असेल तर फॉर्म २९-सी ची सूचना तुमच्यासमोर जाऊ द्या. नाहीतर उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर नोंदीतला मालक म्हणून भरपाईची नोटीस तुमच्या घरी येईल. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं आहे. ताबा देतानाची वेळ आणि किलोमीटर लिहून डीलरची सही घ्या, मीटरचा शेवटचा फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि काचेवरचा फास्टॅग सोलून काढून बँकेकडून बंद करून घ्या. तो राहिला तर डीलरच्या गाडीचा टोल महिनोन्‌महिने तुमच्या खात्यातून जात राहतो.